राखेची वानगी

"काका, तुमचा पदार्थ नेमका काय आहे?"

नागपूरच्या मॅडमने फोनवर हा प्रश्न विचारला तेव्हा मी मिलच्या वजनकाट्यापाशी उभा होतो आणि एका ट्रॅक्टरवाल्याशी ओल्या भुशावरून भांडत होतो. भांडण अर्धवट टाकून मी उत्तर दिलं, "राख."

"राख म्हणजे काय?"

मी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. रसायनशास्त्र शिकलेली बाई, युरोपच्या कायद्यांचं काम करणारी, आणि मला विचारते राख म्हणजे काय. माझं डोकं फिरायला तेवढं पुरतं. मी तिला सुनावलं की धानाचा भुसा जळल्यावर खाली जे उरतं त्याला आमच्या भंडारा जिल्ह्यात राख म्हणतात, नागपुरात काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी तिला मॅडम म्हणतो, पण वयाने ती माझ्या पुतणीएवढी असेल. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकामागून एक विचारायला लागली. भट्टी किती तापते? भुसा आत किती वेळ राहतो? हवा खालून देता की बाजूने? उन्हाळी धानाच्या भुशाची आणि खरिपाच्या भुशाची राख सारखीच निघते का? या राखेत काय काय असतं?

 राख विकून मी एक मिल उभी केली, आणि यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी भट्टीमागच्या ढिगातून मूठभर राख उचलली आणि उन्हात धरली. काळी, हलकी, हाताला जवळजवळ न जाणवणारी. पण नीट पाहिलं तर तिच्यात तुसाचा आकार तसाच होता. दाणा कधीच निघून गेला, तूस जळून गेलं, तरी ती चिमुकली होडी तशीच्या तशी. बोट लावलं की मोडायची. माझ्या डोळ्यांसमोरून अशा किती होड्या गेल्या असतील, आणि मी एकही पाहिली नव्हती.

माझा धंदा राखेपासूनच सुरू झाला. लाखांदूरकडच्या एका खेड्यातून एसटीने पवनीला येऊन मी एका राईस मिलमध्ये बोरे, म्हणजे पोती, उचलायला लागलो होतो. उसना तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं, त्यासाठी बॉयलर लागतो, बॉयलरला भुसा लागतो, आणि भुशाची राख कोणालाच नको असते. मिलवाले ती रस्त्याच्या कडेला, नाल्यात, जमेल तिथे टाकायचे. वाऱ्याने ती लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि भांडणं व्हायची. मी मालकाला म्हटलं, राख मी उचलतो, तुम्ही मला काही देऊ नका. त्याला वाटलं पोरगा खुळा आहे. मी ती वीटभट्टीवाल्यांना विकली. मग शेजारच्या मिलची उचलली, मग आणखी एकीची. लोक मला राखवाला म्हणायला लागले. लग्न ठरताना सासरच्यांनीही हाच शब्द काढला होता. पुढे कोंढ्याजवळ स्वतःची मिल टाकली, स्वतःची भट्टी बसवली, तरी तो शब्द चिकटला तो चिकटलाच.

नागपूरचा एक व्यापारी माझी राख घेऊन युरोपात पाठवायचा. आम्ही सगळे त्याला शेठ म्हणतो. तिकडे पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या रसावर ही राख पसरतात, ऊब निघून जाऊ नये म्हणून, थंडीत पोरावर गोधडी टाकावी तशी. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही शेठकडून नाही. एकदा तिकडचा एक गोरा खरेदीदार माझी मिल बघायला आला. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. शेठने त्याला भट्टी दाखवली, गोदाम दाखवलं, आणि शेवटी माझ्याकडे हात करून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला कळला, लोडर. माझ्याच मिलमध्ये, माझ्याच भट्टीपुढे मी बोरे भरणारा माणूस झालो. चहा मात्र दोघेही माझ्याच घरचा प्यायले.

नंतर मी शेठला जाब विचारला तेव्हा तो हसला. "नाराज मत हो भैया. माल किसी का भी हो, रास्ता मेरा है."

ते वाक्य मी आजवर गिळलेलं नाही.

रस्ता म्हणजे काय, ते मला मॅडमकडून समजलं. युरोपातल्या देशांचा नियम असा की एखादं रसायन वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त तिथे बनवायचं किंवा बाहेरून आणायचं असेल, तर आधी त्याची नोंदणी करायची. तो पदार्थ काय आहे, कशाचा बनलाय, माणसाच्या कातडीला लागला, श्वासात गेला, पाण्यात मिसळला तर काय करतो, हे सगळं आधी सांगा आणि मग माल आणा. ही नोंदणी तिथल्या बनवणाऱ्याने करायची, नाहीतर तिथे माल आणणाऱ्याने. शेठचा माल घेणाऱ्या कंपनीने राखेची नोंदणी आपल्या नावावर करून ठेवली होती. म्हणून माझी राख फक्त त्याच दारातून आत जाऊ शकत होती, आणि दाराशी शेठ बसलेला. दुसरा एक पोलादवाला माझी राख थेट घ्यायला राजी झाला होता. त्याचं एकच विचारणं होतं, नोंदणीचं काय करणार? त्याच्यासाठीच मी मॅडमला गाठलं होतं.

ती म्हणाली की त्या कायद्यात आणखी एक दार आहे. बाहेरच्या देशात जो माल प्रत्यक्ष बनवतो, त्याला युरोपात आपला एक प्रतिनिधी नेमता येतो. तो प्रतिनिधी त्याच्यातर्फे नोंदणी करतो. मग माल तिकडच्या कोणीही घ्यावा.

मी लगेच विचारलं, हे शेठलाही करता येतं का?

"नाही काका. व्यापाऱ्याला प्रतिनिधी नेमता येत नाही. फक्त बनवणाऱ्याला."

हे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्पीकर सुरू केला, बायकोला हाक मारली आणि तिच्यासमोर तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

मात्र एवढ्यावर मी मुकाट्याने मान डोलावली असं कोणी समजू नये. घासाघीस केल्याशिवाय मी देवाचा प्रसादही घेत नाही, असं बायको म्हणते. आधी मी म्हणालो, राख ही निसर्गाची देणगी, तिची कसली नोंदणी? चिखल्याच्या खाणीतला मँगनीजचा दगड जसाच्या तसा गेला तर त्याला नोंदणी लागत नाही, हे मी तिच्याकडूनच काढून घेतलं होतं. दगडाला माफी आणि माझ्या राखेला नाही? ती म्हणाली, दगड जमिनीतून निघाला तसाच आहे. भुसासुद्धा तसाच पाठवलात तर चालेल. पण तुम्ही तो जाळता. आगीतून गेला की तो दुसरा पदार्थ झाला.

"म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली हर बाई रोज सकायी चुलीत नवा पदार्थ बनवते."

"बनवते ना," ती म्हणाली. "फक्त ती टनाने युरोपात पाठवत नाही."

मग मी त्या एक टनाला धरलं. टनाच्या आत नोंदणी नको ना? मग थोडी माझ्या नावावर, थोडी बायकोच्या, थोडी साळ्याच्या, हवं तर अख्खं गाव उभं करतो. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. म्हणाली, कंटेनर भरायचा तर अर्ध्या कोंढ्याला कारखानदार व्हावं लागेल, आणि भट्टी तर एकच आहे. कायदा भट्टी बघतो, नावं नाही.

शेवटी खर्चावर आलो. एकच पदार्थ बनवणारे सगळे मिळून एकत्र नोंदणी करतात. आधीच्यांनी ज्या तपासण्या करून ठेवल्या, त्यांच्या खर्चाचा वाटा नव्याने येणाऱ्याने उचलायचा. वाटा म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. मी विचारलं, हिशेब कोणी बघितला? ती म्हणाली, तुम्ही मागू शकता. कोणती तपासणी, कशासाठी, आणि जी तुम्हाला लागतच नाही तिचा वाटा द्यायची गरज नाही. कायद्यातच तसं लिहिलंय. भाव करायचा हक्क लिहून देणारा कायदा मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दिवसापासून मला युरोपाबद्दल थोडी आपुलकी वाटायला लागली.

पण सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. माझी राख आणि नोंदणीतली राख एकच आहे हे दाखवायला हवं होतं. दोघींचं नाव राख आहे, एवढ्याने भागत नाही. माझी वेगळी निघाली तर सगळ्या तपासण्या मला एकट्याने, मुळापासून कराव्या लागल्या असत्या, आणि ते माझ्या मिलच्या कुवतीबाहेरचं होतं. म्हणजे पुन्हा शेठ, आणि मी पुन्हा लोडर.

"तुमच्या राखेची वानगी पाठवा," मॅडम म्हणाली.

वानगी कशी द्यायची हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. धानाच्या बाजारात वाढलेल्या माणसाची ती पहिली विद्या. वानगी म्हणजे ओंजळभर दाखवायचा माल, आणि दाखवायचा तो घरातला सगळ्यात चांगला. पाखडलेला, निवडलेला, ऊन दिलेला. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो परखी घेऊन येतो. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार, मधून पोकळ नळी. ती बोऱ्याच्या पोटात खुपसली की आतला दाणा बाहेर येतो. विकणारा वानगी सजवतो, घेणारा परखी खुपसतो, आणि भाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी ठरतो. माझ्या बापाच्या बोऱ्यात परखी शिरायची तेव्हा बाप दुसरीकडे तोंड फिरवायचा. माल चांगला असला तरीही फिरवायचा. मला त्या नळीचा फार राग यायचा.

आमच्याकडे राखेची जात रंगावरून ठरते. काळी राख म्हणजे अर्धीकच्ची, ओल्या भुशाची, आळशी भट्टीवाल्याची. पांढरी राख म्हणजे पूर्ण जळलेली, शुद्ध. भांडी घासायला बाया पांढरी राख शोधून नेतात. माझी राख काळी. उसना मिलची राख काळीच निघते. ती तशीच युरोपला पाठवायची म्हणजे शेणाच्या हातांनी पाहुण्यांपुढे जाण्यासारखं. मी राखेने भरलेली मडकी ओळखीच्या वीटभट्टीत, अगदी मधल्या थरात ठेवायला दिली. भट्टी जळून थंड झाल्यावर काढली, तर आत कापसासारखी राख. बायकोच्या जुन्या सुती लुगड्यातून मी ती गाळली. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"हे आपलीच राख होय का?" तिने विचारलं.

तुला काय समजतं, म्हणून मी तिला गप्प केलं आणि पाकीट रवाना केलं.

निकाल मॅडमने फोनवर सांगितला. वानगी नोंदणीतल्या राखेशी जुळत नव्हती. हिच्यातली सिलिका स्फटिकाच्या रूपात होती. अशी बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर ती फुप्फुसं खराब करते, त्यामुळे तिचा वर्गच वेगळा, धोक्याचा.

मी जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. काळी पाठवली असती तर घाण म्हटलं असतं, पांढरी पाठवली तर विष म्हणतात. शेठने प्रयोगशाळेत कोणाला तरी हाताशी धरलं असणार, असंही म्हणालो. तिने मला बोलू दिलं. माझा दम संपल्यावर एवढंच विचारलं, "काका, ही राख विकायच्या बोऱ्यातून काढली होती का?"

मी फोन ठेवला. बायको तांदूळ निवडत बसली होती आणि पदराआड हसत होती.

"तू काहून हासून राहिली?"

"अजी, पोरगी दाखवाले बसवली, हळद फासली, पावडर फासली, शेजारनीचं लुगडं नेसवलं. आता पाव्हने म्हनतात, हे तं दुसरीच पोरगी होय. त्यायचं काय चुकलं?"

"मी पांढरी केली. खराब नाई केली."

"पन आपली बी नाई ठेवली."

पुढच्या आठवड्यात मॅडम पुन्हा मिलवर आली. मला वाटलं होतं की ती चिडली असेल. ती उलट मजेत होती. लॅपटॉप उघडून तिने मला तपासणीतून निघालेल्या दोन रेषा दाखवल्या. एक माझ्या खऱ्या काळ्या राखेची होती. वानगी मागायच्या आधी ती एकदा मिल बघून गेली होती, तेव्हा तिने रुमालात थोडी बांधून नेली होती, आणि वानगी जुळेना तेव्हा ती तपासून घेतली होती. ती रेषा सावकाश वर चढून खाली उतरत होती, एखाद्या टेकडीसारखी. दुसरी माझ्या वानगीची. तिच्यात बाभळीच्या काट्यांसारखे उभे सुळके. मी विचारलं, दोन्हींत आहे काय? ती म्हणाली, मुख्यतः एकच वस्तू, सिलिका. फरक फक्त आतल्या कणांच्या मांडणीचा. काळीत ते विस्कटलेले आहेत, पांढरीत ओळीने बसलेत. आग फार झाली की ते ओळीने बसतात.

मी त्या रेषांकडे बघत राहिलो. "म्हणजे धान तेच," मी म्हणालो. "शेतातल्या बांधीत पसरून ठेवलं तं कडपा, एकावर एक रचलं तं पुंजनं."

ती म्हणाली, हे मी आता सगळ्यांना असंच सांगेन. बायकोने तिला आणखी चहा दिला.

तेव्हापासून मला एक खोडच लागली. वैनगंगेच्या काठी गाडी थांबवून मी रेती हातात घेतली. मॅडमच्या हिशेबाने ही ओळीने बसलेली. घरातला काचेचा ग्लास, तो विस्कटलेला. ग्लास उजेडात धरून मी इतका वेळ पाहिला की बायकोने विचारलं, धुवाचा राहिला का? रोपाने बांधीतल्या पाण्यातून ही वस्तू ओढून घेतली, तुसात साठवली, म्हणून तर तूस हाताला खरखरीत लागतं आणि ढोरंही त्याला तोंड लावत नाहीत. धानाने स्वतःच्या दाण्याला काचेचं चिलखत चढवलेलं, आणि आम्ही ते भुसा म्हणून जाळतो. हे कोणी मला शाळेत सांगितलं असतं तर मी कदाचित आणखी काही दिवस शाळेत बसलो असतो.

त्याच भेटीत मॅडमने विचारलं की ही राख कोण कोण हाताळतं, आणि कशी. मी सांगितलं, बाया बोऱ्यांत भरतात, तोंडाला दुपट्टा बांधून. गावात भांडी घासतात. लहानपणी आम्ही तिने दात घासायचो. तिची लेखणी थांबली.

"अजूनही?"

"आता पेस्ट हाय," बायको म्हणाली, "पन दात तवाचेच चांगले होते."

मॅडम हसली, पण लेखणी उचलून पुन्हा लिहायला लागली. तिला हसताना पाहून माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. आमच्या भट्टीच्या बुडाशी, जिथे ब्लोअरची हवा थेट लागते, तिथे पांढरे गोळे धरतात. भट्टी साफ करताना बाया ते दगडाने फोडतात आणि बाकीच्या राखेत मिसळून बोऱ्यात भरतात, वजन वाया जाऊ नये म्हणून. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्याही मनात तेच होतं.

धंद्यात मी कधी मालातली खोट आपणहून दाखवलेली नाही. घेणाऱ्याने शोधावी, तो त्याचा भाग. आणि हे गोळे त्याच पांढऱ्या जातीचे निघाले, तर माझा माल गेला, नवा पोलादवाला गेला, आणि शेठ पुन्हा दाराशी. मी गप्प बसलो असतो तर तिला कळलं नसतं. तरी मी उठलो आणि तिला भट्टीमागे घेऊन गेलो. हा चांगुलपणा होता असं मी म्हणणार नाही. मला जाणून घ्यायचं होतं. त्या दोन रेषा डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, आणि माझ्याच भट्टीच्या पोटात टेकडी आहे की काटे, हे न कळता मला राहवत नव्हतं.

तिने गोळा हातात फिरवून पाहिला. दुपट्टा बांधलेल्या बायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता वानगी खरी काढू. वेगवेगळ्या हंगामांच्या बोऱ्यांतून. चांगल्या-वाईट दोन्ही. त्यांना तुमचा उत्तम माल नकोच आहे. कमीत कमी कसा, जास्तीत जास्त कसा, तेवढंच त्यांना पाहिजे."

गोदामात बोऱ्यांच्या थप्प्या लागलेल्या होत्या. मी भिंतीवरची परखी काढली. आता ती माझ्याच मालकीची आहे, तिने मी लोकांच्या धानाचं पोट बघतो. पहिला बोरा निवडला, खुपसली, काढली. दुसरा निवडला. तेवढ्यात बायको मागून आली.

"अजी, तुमी फक्त खरिपाचेच बोरे धरून राहिले."

मी बघितलं. खरंच. मी ठरवलं नव्हतं, पण हात आपोआप त्या बाजूला गेला होता, जिथे मंद आगीची, एकसारखी राख होती. उन्हाळी बोरे, कडक वाळलेल्या भुशाचे, दुसऱ्या भिंतीला होते. तिने माझ्या हातातून परखी घेतली.

"तुमी बाहीर बसा. तुमचा हात खोटा नाई, त्याले सवय हाय."

मी बाहेर पळसाखाली जाऊन बसलो. आतून आवाज येत होता. परखी शिरताना होणारा तो खस्स आवाज, मग थोडी शांतता, मग पुन्हा. मॅडम थप्पीतला कोणताही बोरा सांगायची, बायको खुपसायची. माझं तोंड रस्त्याकडे होतं. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की बापासारखाच मी तोंड फिरवून बसलोय.

निकालाची वाट बघत असताना शेठ आला. त्याच्या कानावर गेलं होतं. मोठ्या प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणाला की कशाला या भानगडीत पडतोस, आपलं जुनं चाललंय तेच बरं, तुझी काळजी मला आहे. बोलता बोलता त्याने सवयीने ढिगाच्या वरची चिमूटभर राख उचलली, फुंकली आणि नाक मुरडलं.

मी माझ्या तळहातावर राख घेऊन त्याच्यापुढे धरली. "शेठ, हे काय होय?"

"राख है, और क्या."

"राख म्हणजे काय? आत काय हाय?"

तो मोठ्याने हसला. "तू तो साइंटिस्ट हो गया भैया."

इतकी वर्षं हा माणूस माझी राख समुद्रापार विकतोय आणि ती काय आहे हे त्यालाही माहीत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. ज्या माणसाला शिव्या घालायच्या म्हणून मी वर्षानुवर्षं वाक्यं तयार करून ठेवली होती, तो समोर उभा होता, आणि मला फक्त त्याचं आश्चर्य वाटत होतं. मी आवाज न चढवता त्याला निरोप दिला. बायकोने नंतर माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

निकालात बहुतेक बोरे टेकडीचे निघाले. उन्हाळी थप्पीतल्या एका बोऱ्यात थोडेसे काटे होते, मर्यादेच्या आतले, पण होते. गोळे मात्र सगळे काट्यांचेच. माझी राख नोंदणीतल्या राखेशी जुळली, पण ती तशीच ठेवायची तर काही गोष्टी बदलणं भाग होतं. कडक वाळलेला भुसा असला की ब्लोअर मंद ठेवायचा. गोळे वेगळे काढायचे, ते बोऱ्यात जाणार नाहीत. बायांनी ते कोरडे फोडायचे नाहीत, आणि दुपट्ट्याऐवजी नीट मास्क. गोळ्यांचं वजन बुडणार म्हणून मी दोन दिवस धुसफुसलो. बायको म्हणाली, ते वजन बायांच्या छातीत जाऊन राहिलं होतं. 

मग नोंदणी झाली, आणि मी पुन्हा भडकलो, कारण ती त्या युरोपातल्या प्रतिनिधीच्या नावावर झाली. एवढं भांडून नाव तिसऱ्याचंच? मॅडमने समजावलं की त्याला तुम्ही नेमलंय, पटला नाही तर बदलू शकता. आणि तो कोणातर्फे काम करतो, त्या जागी बनवणारा म्हणून तुमची मिल आहे. दार त्याचं, पण किल्ली तुमच्या खिशात. हे मला पटायला थोडा वेळ लागला. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही.

पहिला कंटेनर भरायच्या आधी नव्या खरेदीदाराचा माणूस माल बघायला आला. उंच, घामाघूम, नम्र. या वेळी मध्ये कोणी नव्हतं. मॅडमने माझी ओळख करून देताना इंग्रजीत जो शब्द वापरला तो लोडर नव्हता, एवढं मला कळलं. चहा झाल्यावर त्याने विचारलं की वानगी बघू का. टेबलावर बायकोने एक स्वच्छ ताटली आणून ठेवलीच होती, रिकामी. मी भिंतीवरून परखी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याला ती कशी धरायची कळेना, तेव्हा मी त्याचा हात धरून दाखवलं आणि थप्पीकडे बोट केलं. कोणताही बोरा घे म्हणून.

त्याने मधला एक निवडला. उन्हाळी होता. परखी आत शिरली तेव्हा मी तोंड फिरवलं नाही. आत काय निघतं ते मलाही बघायचं होतं.